सगळ्या सूचना बंद

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईचा गुडघा, घरी चालणाऱ्या तुझ्या शिकवण्या, सगळं वाचलं. शेवटी दर वेळेसारखंच लिहिलंयस, "ताई, तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली." या वेळी ते वाक्य वाचून मी जेवणावरून उठले.

आपल्या लॅबमध्ये रक्ताच्या अहवालांसाठी नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा तू रडकुंडीला आली होतीस. अहवाल उघडला की एवढ्यातेवढ्यावरून सूचनेची लाल चौकट उभी. ती मिटवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दिवसाला दोनशे अहवाल, म्हणजे नुसतं लांडगा आला रे आला! मग मी तुझ्या खुर्चीत बसले. अक्षरं मोठी केली, डोळ्यांत खुपणारा पांढरा पडदा फिकट हिरवा केला, नको ते रकाने लपवले. "किरकोळ सूचना तेवढ्या बंद केल्यात, धोक्याच्या येतील," असं सांगून उठले. तू खूश होऊन म्हणालीस, "ताई, आता हे मशीन माणसात आलं!"

तीन आठवड्यांनी तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर गेला. रक्तात पोटॅशियम हृदय बंद पडेल इतकं वाढलेलं, आणि अहवाल तुझ्या सहीने तातडीच्याऐवजी साध्या गठ्ठ्यात. त्याची बायको लॅबबाहेरच्या बाकावर त्याच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यासमोरून जायला नको म्हणून मी दिवसभर मागच्या जिन्याने ये-जा केली.

चौकशीत तू एकच सांगत राहिलीस, चौकट आलीच नाही. त्यांनी तुझ्याच मशीनवर तोच अहवाल उघडला. चौकट टचकन उभी राहिली. तू पांढरीफटक पडलीस. मग हळूच म्हणालीस, "माझ्याच हातून सवयीने मिटली असेल." मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझ्या पाठीवर हातसुद्धा ठेवला होता.

धाकटे, तू खरं बोलत होतीस. सेटिंगच्या यादीत 'किरकोळ सूचना बंद' होतं, त्याच्याखाली 'सगळ्या सूचना बंद'. घाईत मी खालच्यावर खूण केली आणि पुन्हा पाहिलं नाही. बातमी कळली त्या सकाळी तू यायच्या आत तुझं मशीन उघडलं, खूण वरच्या ओळीवर हलवली आणि जागेवर येऊन बसले. पहिली चूक होती. दुसरीला मी आजवर नाव दिलेलं नाही. तुझी नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि मी सहा वर्षं तुला धीराची पत्रं लिहीत राहिले.

सोमवारी मी निवृत्त होतेय. साहेबांनी समारंभाचं भाषण वाचायला दिलं: "इतक्या वर्षांत एकही चूक नाही." काल हे सगळं लिहून, सही करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कागद खणात सरकवला. "आता उकरून काय मिळणार, ताई? समारंभ होऊ द्या." म्हणून सही केलेली एक प्रत सोबत जोडली आहे. ती कुठे दाखवायची, ते तू ठरव. मला वाचवू नकोस. दुसरी प्रत घेऊन मी त्या ड्रायव्हरच्या बायकोकडे निघाले आहे. तिच्या आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र आधी पेटीत टाकतेय. तिने दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.

तुझीच म्हणायला जीभ धजत नाही, तरी तुझीच,
ताई