डोंग्यावर उभे राहून जागा दाखवण्यातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब,
वन विभाग, भंडारा.

अर्जदार : जमुनाबाई फकिरा दिघोरे, वय ५३, धंदा मासेमारी, रा. बेलझरी (नाकाडोंगरीजवळ), ता. तुमसर.

विषय : रानगव्याच्या शिकारीच्या पंचनाम्यास तलावात डोंग्यावर उभे राहून जागा दाखवण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : बेलझरीच्या वनरक्षकांमार्फत मिळालेली नोटीस, दि. २०/०१/२०२५.

माननीय साहेबांच्या सेवेशी,

१. अर्जदार व तिचा नवरा फकिरा हे ढिवर असून बेलझरीच्या तलावात तीस वर्षांपासून मासे धरतात. फकिराचे गुडघे गेल्यापासून डोंगा अर्जदार चालवते, जाळे तो टाकतो. दि. ७ जानेवारी, मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास दोघे तलावाच्या मधोमध जाळे उचलत होते. पश्चिमेच्या काठावर सहा रानगवे पाण्यावर आले होते. हिवाळ्यात ते रोज येतात, डोंग्याला बुजत नाहीत. त्यातल्या मोठ्या नराने पाण्याला तोंड लावले, तोच अर्जदाराच्या डोक्यावरून नवे लुगडे टरकन फाडावे तसा आवाज गेला. नर पुढच्या पायांवर बसला. तो बसल्यावर, मागाहून, पूर्वेच्या टेकडीवरून धमाका ऐकू आला.

फकिरा म्हणाला, "खाणीतला सुरुंग असन." परंतु खाणीत सकाळी सातला सुरुंग उडत नाही, हे त्यालाही माहीत होते. दोघे काठाला गेले. नराच्या खांद्यामागे बोट जाईल एवढे भोक होते. तो अजून श्वास घेत होता. टेकडीपासून तो काठ एक किलोमीटरला थोडा कमी भरेल. इतक्या लांबून जनावर मारता येते, हे अर्जदारास त्या दिवशी कळले. तेवढ्यात काठाकाठाने जीप येताना दिसली म्हणून दोघे डोंग्यात बसून बेशरमाच्या झुडपांमागे गेले. जीपमधून तिघे उतरले. दोघे अनोळखी होते, एकाच्या खांद्यावर पुरुषभर लांबीची पिशवी होती. तिसरे भैयाजी. टेकडीमागे त्यांचे फार्महाऊस आहे. त्यांनी नराचे डोके शिंगांसकट कापून नेले. धड तिथेच टाकले.

२. दि. ९ रोजी अर्जदाराने वनरक्षकांकडे लेखी जबाब दिला. फकिराची त्यास संमती नव्हती. तो म्हणाला, "कायले लिहून देतं? आपल्याले रोज त्याच पाण्यात जायचं हाय." अर्जदाराने ऐकले नाही. कळपातली एक मादी दोन्ही दिवस त्या जागी येऊन उभी राहत होती आणि अर्जदारास ते पाहवत नव्हते.

३. दि. १२, रविवारी भैयाजी घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. ते एवढेच बोलले : "वहिनी, काल डोंग्यात शिदोरी सोडली तवा कांदा कापताना तुमच्या बोटाले लागलं म्हणे. डाव्या हाताच्या. पाहुणे सांगत होते टेकडीवरून. त्यायच्या दुर्बिणीतून लय साफ दिसते. जपत जा." त्या बोटाला चिंधी बांधलेली होती. त्या दिवशी फकिरा घरीच राहिल्याने डोंग्यात अर्जदार एकटीच होती आणि तिने ही गोष्ट फकिरासही सांगितलेली नव्हती.

या बोलण्यात धमकी कुठे आहे, असे वनरक्षकांनी विचारले. अर्जदारास ते दाखवता आले नाही.

४. पाण्यावर झाड नसते, भिंत नसते. सकाळी सूर्य टेकडीमागून वर येतो, त्यामुळे अर्जदारास टेकडीकडे पाहिल्यास डोळे दिपून काहीच दिसत नाही. टेकडीवरच्या माणसास मात्र तलावातले सर्व काही उजेडात दिसते. अर्जदार आता डोंग्यात वाकून बसते. असे बसून जाळे उचलता येत नाही. फकिरा तर काठापर्यंतही येत नाही.

५. नोटिशीत म्हटले आहे की दि. ३० जानेवारी, गुरुवारी सकाळी सात वाजता अर्जदाराने त्याच जागी डोंगा उभा करून, स्वतः उभे राहून, आवाज कोणत्या बाजूने आला ते हाताने दाखवावे. जागा दाखवल्याशिवाय पंचनामा होत नाही, हे अर्जदार समजते. म्हणून तिची विनंती आहे की सोबतचा नकाशा ग्राह्य धरावा. नकाशा चालत नसल्यास त्या जागी बांबू रोवून लाल फडके बांधून देईल. तेही चालत नसल्यास वेळ सकाळऐवजी दुपारी चारची ठेवावी, म्हणजे ऊन टेकडीच्या तोंडावर असेल. आणि सातचीच वेळ ठेवणे भाग असल्यास, पंचनाम्याच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने डोंग्यात अर्जदाराच्या पूर्वेच्या अंगाला उभे राहावे. हे लिहिताना अर्जदारास लाज वाटते, तरी लिहीत आहे.

६. आता जे सांगायचे ते अर्जदाराने वनरक्षकांना सांगितलेले नाही, म्हणूनच हा अर्ज ती स्वतः भंडाऱ्यास येऊन साहेबांच्या हाती देत आहे. नोटिशीवर तारीख २० आहे. ती अर्जदारास २२ ला मिळाली. परंतु १८ तारखेला, शनिवारी, भैयाजी नाकाडोंगरीच्या बाजारात अर्जदाराच्या पाटीसमोर उभे राहिले, एक मरळ निवडली आणि म्हणाले, "तीस तारखेले सात वाजता या मंग, वहिनी. उभं राहा लागन बरं का, बसून चालत नाई."

अर्जदार साहेबांवर आळ घेत नाही. नोटीस लिहिली जाण्याआधी ती तारीख, ती वेळ आणि उभे राहण्याची अट कोणी ठरवली, एवढे साहेबांनी स्वतः पाहावे. या अर्जाची प्रत खाली पाठवू नये.

फकिरास काल कोंढ्याला मुलीकडे पोचवून दिले आहे. बुधवारपर्यंत उत्तर न आल्यास अर्जदार नोटिशीप्रमाणे गुरुवारी सातला डोंग्यावर हजर राहील.

साहेबांच्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,

(सही) जमुनाबाई फकिरा दिघोरे
भंडारा, दि. २४/०१/२०२५

सोबत : १) नोटिशीची झेरॉक्स. २) तलावाचा हाताने काढलेला नकाशा.