अमेरिकन कवितेला दहा डोकी

६ जानेवारी, सोमवार
सेमिस्टर सुरू. तृतीय वर्षाची ‘आधुनिक अमेरिकन कविता’ यंदाही माझ्याकडेच. जव्हारच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर हे नववं वर्ष. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, फेब्रुवारीअखेर मी स्वतः वर्गात येऊन बघणार, दहा मुलं दिसली नाहीत तर पुढच्या वर्षी पेपर बंद. पेपर बंद म्हणजे मीही बंद. ते त्यांनी सांगितलं नाही, पण चहाही विचारला नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून एक चळवळ वाचायची. एकूण सात चळवळी. आठवड्यात अमेरिका संपेल.
आज हजर: दोन. हौशी आणि रविना. हौशी झोपली होती.

८ जानेवारी, बुधवार
पहाटे उठलो नाही. थंडी फार. शिवाय इमॅजिझम ही कमी शब्दांची चळवळ आहे, तिला पहाट कशाला?
हजर: एक. हौशी. जागी होती, पण शिंकत होती.

१३ जानेवारी, सोमवार
कॉलेजच्या गेटसमोर दाभोसा गावाला जाणाऱ्या जीपचा स्टँड. तिथला आंबा रस्ता रुंदीकरणात तोडला. सावलीच गेली. वाईट वाटलं. संकल्प: या विषयावर इमॅजिस्ट कविता लिहिणे.
आमची खोली नंबर सात गेटला लागून, त्यामुळे करवतीचा आवाज सहन करत शिकवलं. हजर: दोन.

१५ जानेवारी, बुधवार
हजर: सात!
कॉमर्सची पाच मुलं आपण होऊन आली. काही न बोलता खिडकीकडच्या बाकांवर बसली. मी म्हणतच होतो, चांगलं शिकवलं की कानोकानी पोचतं.

२० जानेवारी, सोमवार
हजर: नऊ. एक आजीबाई टोपलीसह मागच्या बाकावर. टोपलीत सुकट. वर्गभर वास, पण मी हटकलं नाही. कविता सामान्य माणसापर्यंत पोचली पाहिजे, असं आपण भाषणात म्हणतो. ती पोचली की नाक दाबायचं, हे बरं नव्हे.
मंगळू नावाचा जीप ड्रायव्हरही दारात येऊन उभा राहिला. मी मुक्तछंद वाचत होतो, आणि तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मात्रा मोजत असावा. मुक्तछंदात मात्रा मोजायच्या नसतात, हे त्याला एकदा निवांत समजावलं पाहिजे.

२२ जानेवारी, बुधवार
हजर: अकरा. कन्फेशनल, म्हणजे कबुलीजबाबाच्या कवितेची वेदना सांगत होतो. पाऊण वाजता मंगळू दारात आला, बोटांवर मोजलं, मान हलवली. त्याबरोबर हौशी सोडून सगळा वर्ग उठून बाहेर गेला. आजी टोपलीसकट.
वेदना सहन झाली नसणार. माझंच चुकलं, एकदम इतकं द्यायला नको होतं. संकल्प: कन्फेशनल दोन हप्त्यांत.

३ फेब्रुवारी, सोमवार
बारा, तेरा, बारा. रोज पाऊण-एकच्या सुमाराला वर्ग भारावून उठतो. मी आता महत्त्वाचे मुद्दे आधीच सांगतो.
नीताला सांगितलं. नीता माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत शंका. विचारते, मुलं कुठली? म्हटलं, सगळी दाभोशाकडची. म्हणाली, सगळी एकाच बाजूची? मी समजावलं की चळवळी अशाच एका भागातून निघतात. ती भांडी घासायला उठली.

१० फेब्रुवारी, सोमवार
मोखाड्याहून फोन. तिथल्या एका आश्रमशाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा आहे, वर्षभराची ऑर्डर, आजच हो-नाही कळवा. नीता म्हणाली, हो म्हणा. नऊ वर्षं झाली, मला कंटाळा आला तुमच्या दर जूनच्या काळजीचा. तिचा आवाज थकलेला होता. मलाही थकायला होतं, पण मी ते दाखवत नाही.
‘नाही’ असं कळवलं. बारा जणांना हार्लेम चळवळीच्या तोंडावर सोडून जायचं म्हणजे काय?

१७ फेब्रुवारी, सोमवार
हजर: तेरा, आजी धरून. पहाटे उठायचं अजून जमलेलं नाही, पण आता गरजही दिसत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून दाभोशाला एसटी सुरू. बरोबर साडेबाराला गेटसमोरून सुटते. चांगली सोय झाली, लोकांचे फार हाल होत होते.
माझा तास साडेबाराचा. हजर: एक. हौशी. ती जव्हारचीच, घरी चालत जाते. साथ आली असावी. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी आहे. शुक्रवारपर्यंत सगळे बरे होतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
प्राचार्य साडेबाराच्या ठोक्याला नाही, बारा चाळीसला आले. हौशी नेमकी आज आली नव्हती. त्यांनी रिकामे बाक पाहिले, फळ्यावरचं ‘सातवी चळवळ’ वाचलं, आणि चला, येतो मी, एवढंच म्हणाले.
मोखाड्याला फोन लावला. जागा दहा तारखेलाच भरली. नीताला अजून सांगितलेलं नाही.
मग मंगळू आला. आज दारात उभा राहिला नाही, आत येऊन आजीच्या बाकावर बसला. त्याची जीप बाहेर उन्हात रिकामी उभी. म्हणाला, सर, आंबा पाडला तवापासून मानसं तुमच्याकडंच बसायची. सावली व्हती, पंखा व्हता. दहा झाली की मी घेऊन जायचो. लई सोय झाली बघा तुमची.
मी बराच वेळ फळा पुसत राहिलो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, रडायला आलं.
थोड्या वेळाने त्याने विचारलं, सर, तुमचं किती जनं झाल्यावर सुरू करायचं असतं? म्हटलं, दहा. तो म्हणाला, आमचंबी तेवढंच.
वर पंखा फिरत होता. मग तोच म्हणाला, आता मी बसलोच हाय, तर सांगा की काय ते अमेरिकेचं.
मी दाराकडे पाहिलं आणि म्हणालो, जरा थांबू, अजून कुणी येतंय का बघू.