बारा घंट्या आणि भाकरीचा हूक

३ जाने., शुक्र.
नवी वही. आजवर स्वतःच्या हातानं केलेलं, एकदा लिहून ठेवतो:
सासऱ्यांची कुबडी (खालचं रबर स्कूटरच्या टायरचं. सात वर्षं झाली, झिजलं नाही). शाळेच्या घंटेचा लोलक. वाफेच्या मशीनची झाकणं, नऊ. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक, चार जोड. चाकं विकत आणलेली, म्हणून धरली नाहीत. सलाईनच्या घंट्या, बारा.
शिक्षण आठवी. शिकवलं कुणी नाही. उघडायचं, बघायचं, परत बसवायचं. स्क्रू उरला तर पहिल्यापासून.

४ जाने., शनि.
झरीहून निघालो, ९.४० ला परभणीत. डॉ. मॅडमच्या दवाखान्यात (बारा खाटा) कंपनीचे सलाईनचे दोन पंप आलेत, पंधरा दिवस वापरून बघायला.
मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, अठरा तारखेला ठरवते. बाराही खाटांना पंप घ्यायचे, का तुमच्या घंट्या ठेवायच्या."
सरळ बाई. मागून बोलत नाहीत.
पंप अर्धा तास बघितला. तासाला किती औषध जायचं ते आकड्यात सांगायचं, तेवढंच जातं. सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर सगळं दिसतं. खोट काढायला गेलो होतो. सापडली नाही.
माझी घंटी म्हणजे ताणकाटा. बाटली काट्याच्या हुकाला. पन्नास मिली उरलं की काटा वर जातो, हातोडी सुटते, घंटी वाजते. वीज नाही, सेल नाही. घंट्या बाजारातल्याच, शेरडाच्या गळ्यातल्या, पण बारा आवाज बारा तऱ्हेचे. दीड दिवस दुकानात बसून वाजवून निवडल्या. दुकानदार शेवटी म्हणाला, मिस्त्री, घ्या नाहीतर जा.

७ जाने., मंगळ.
पाच नंबरला पोखर्णीचे धोंडिबा. सत्तरीचे. छातीत कफ. जन्म मेंढरांमागं गेला. बायको गयाबाई सोबत.
आठ नंबरची घंटी वाजली तर म्हातारा डोळे मिटूनच म्हणतो, "तिकडच्या कोपऱ्यातली. पाट हाय ती, तरणी शेळी. आवाज पातळ हाय."
मंगल सिस्टर (पुढं मं.सि.) हसून बेजार. "बाबा, ड्युटी लावू का तुमची?"
"लावा की. पण बिडी प्यायला सुट्टी द्या."
"छातीत कफ झालाय तुमच्या!"
"मग अर्धी बिडी."
संध्याकाळपर्यंत बाराही घंट्या ओळखायला लागले. एकही चुकली नाही. माणूस कानाचा आहे. बरं वाटलं.

९ जाने., गुरु.
वाईट. दु. ४ ला मं.सि.चा फोन. पाच नंबरची घंटी वाजलीच नाही. बाटली रिकामी, रक्त नळीत चढलेलं. त्यांनी फेरीत बघितलं म्हणून कळलं. अपाय नाही, पण सुई दुसऱ्या हाताला टोचावी लागली.
लगेच गेलो. धोंडिबा म्हणाले, "मिस्त्री, माझ्या उशाची शेळी मुकी झाली की."
 
पंपवाला पोरगा म्हणाला, "काका, मेकॅनिकलचं असंच असतं."  
घंटी सोडवून घरी आणली. मापी वजनं लावून दहा वेळा तपासली. दहाही वेळा वाजली. एका ग्रॅमचा फरक नाही.
जेवण नको म्हणालो. ही म्हणाली, "घंटी वाजायली, आता तुम्ही कामून गप?"

१० जाने., शुक्र.
सकाळी घंटी परत पाच नंबरला लावली आणि हललो नाही. दु. १२.३०, बाटली तळाला. पन्नास मिलीची खूण गेली. चाळीस. घंटी गप्प. 
तेवढ्यात गयाबाई स्टुलावर चढल्या. "सरका भाऊ. जेवायची येळ झाली." हुकावरून फडक्याचं बोचकं काढलं. तीन भाकरी, ठेचा, कांदा.
घंटी वाजली!
धोंडिबा म्हणाले, "आली. शेळी आली."
"मावशी, हे इथं कामून अडकवलं?"
"खाली ठिवलं तर मुंग्या. खिडकीत ठिवलं तर मांजर. तुमचा हूक लय चांगला हाय."
बोचकं सकाळपासून डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं स्टँडला अडकवलंय. वाटलं, तपासलं नाही. वजन केलं: ६४० ग्रॅम. त्या वजनावर काटा वर जाईलच कसा.
बाकीचे पेशंट डबे आणतात, म्हणून सहा महिन्यांत असं झालं नव्हतं.
मॅडमना जाऊन सांगितलं: चूक गयाबाईंची नाही. हूक मोकळा दिसला की माणूस काहीतरी अडकवणारच. मोकळा मी ठेवला. चूक माझी.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला. हसू दाबत होत्या, असा माझा अंदाज.

१२ जाने., रवि.
बाराही हुकांना झाकणी. बाटलीची कडी आत जाते, बोचक्याची गाठ जात नाही. आणि प्रत्येक स्टँडला खालच्या अंगाला वेगळा हूक, निव्वळ भाकरीसाठी. पाच किलोपर्यंत तपासलेला.
गयाबाईंनी उद्घाटन केलं. मला अर्धी भाकरी खावीच लागली. ठेचा जहाल.
दोन नंबरवाल्यानं लगेच टोपी अडकवली. बरोबर. त्यासाठीच आहे.

१५ जाने., बुध.
एक नंबरला हृदयाची पेशंट. औषध तासाला पाच मिली, कमी नाही जास्त नाही. तिथं पंपच पाहिजे. घंटी संपल्यावर सांगते, किती वेगानं जातंय ते तिला कळत नाही. मॅडमना मीच म्हणालो. 
मं.सि. चहाला थांबल्या. म्हणाल्या, घंट्यांआधी वॉर्डात पाय टाकला की मान वर. बाटली, बाटली, बाटली. रात्रपाळीला मान आखडायची. "काल धोंडिबाबांच्या तोंडाकडं बघितलं तर ओठ फुटलेले. तूप लावलं. आधी दिसलंच नसतं हो मला."
पुढं म्हणाल्या, पंपाचा पडदा पण चांगला, पण दोन्ही पंप एकाच आवाजात ओरडतात. ऐकून कळत नाही कोणता. ते मी डोक्यात ठेवलंय. पंपाला आवाज वेगळा करता येईल का... उघडू कोण देणार.

१८ जाने., शनि.
निकाल. मॅडम: दोन पंप ठेवायचे, गंभीर पेशंटसाठी. दहा खाटांना घंट्या. मार्चअखेर परत बघू. "परत बघू" दोनदा म्हणाल्या. ठीक.
धोंडिबांना घरी सोडलं. दारात थांबून म्हणतात, "अकरा नंबरच्या घंटीला चीर हाय, मिस्त्री. बदला." घरी आणून बघितली. केसाएवढी चीर, आतल्या अंगाला. मला ऐकू आली नव्हती!
बदलली.

२० जाने., सोम.
पंपाच्या कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून थेट झरीला, माझ्या दुरुस्तीच्या टपरीत. घंटी उलटीसुलटी करून बघितली. तारीफ केली. छोट्या दवाखान्यांसाठी काढायची म्हणाले. माझ्या डोक्यात लगेच नकाशे सुरू झाले होते, पण पुढं अटी. आवाज सगळ्यांना एकच. भाकरीचा हूक काढायचा, "बरा दिसत नाही, खर्च वाढतो." आणि सही केल्यावर मी स्वतः एकही बनवायची नाही. दुरुस्तही करायची नाही.
"दवाखान्यातल्या दहा बिघडल्या तर?"
"आमचा माणूस येईल."
"कधी?"
"तक्रार नोंदवल्यावर."
अकरा नंबरची चीर त्यांच्या माणसाला ऐकू आली असती का, ते विचारलं नाही. हूक राहिला तर बोलू, म्हणालो. ते हसले. पुढच्या सोमवारी परत येतो, विचार करा, म्हणाले. कागद टपरीतच ठेवून गेले, ताणकाट्याखाली दाबून. हिला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ती आकडा विचारणार, आणि आकडा ऐकून काय म्हणणार ते मला सांगता येत नाही.
हूक काढायचा असेल तर नको, एवढं म्हणून बसलो. कागदावरचा आकडा: दोन लाख चाळीस हजार.