तांबड्याचा नवस

प्रिय नागप्पा,

पत्त्यावर आता जिल्हा लातूर लिहीत जा. मागलं पत्र उस्मानाबाद फिरून आलं. जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र न्हाईच. तू धर्माबादला हमालीला गेलास आन् मेंढरं माझ्या गळ्यात घातलीस, तर त्यांची खबर ऐक. साऱ्या वाडीचे कळप गायरानातल्या एकाच डबक्यावर पितात, म्हणून सगळ्यांना जंत. एकीनं औषध पाजून दुसरीनं न्हाई पाजलं तर काय उपयोग? मी बायांना घेऊन उदगीरच्या दवाखान्यातून औषध आणलं, एकाच दिवशी सगळ्या मेंढरांना पाजलं. गडी हसायले होते. आता शेजारच्या केवळाबाईची कोकरं उड्या मारायलीत, तर तेच गडी औषधाचं नाव विचारायलेत.

पण मला दुसरंच सलतंय. आबांच्या वेळची मेंढी मांडीला लागायची, आता गुडघ्याला लागते. सगळे दुष्काळाला बोल लावतात. अरे, दुष्काळ कशाला! दरसाल सगळ्यात तगडा नर आपण जत्रेत बिरोबाला कापतो, आन् उरलेले मरतुकडे कळपात फिरतात. लेकरं बापावरच जाणार की! देवाला चांगलं द्यावं, खरंय. पण आपण बेणंच देऊन बसलो. मरतुकडे नर खच्ची करायला बाया कबूल झाल्यात. यंदा जोमाचा नर एकच उरलाय, आपला तांबडा. त्यातली पार्वतम्मा रोज येऊन विचारते, हा राहणार का? मी चहाचं आधण ठेवून विषय बदलते.

कारण तुला ठाऊक हाय. बाळंतपणाच्या तापात मी गेल्यातच जमा होते, तेव्हा तू धावत आलास आन् बिरोबापुढं बोललास, अक्का उठली तर तांबडा कापीन. आई सांगते, तू लहान लेकरासारखा रडलास. लई माया केलीस रे. पोरगी आता रांगायलीय.

म्हणून लिहितेय. जत्रेला ये, पण सुरा आणू नकोस, भंडाऱ्याची हळद आण. पुजाऱ्याला विचारलं, देवाच्या नावानं जिता सोडला तरी नवस फिटतो, पण ज्यानं बोलला त्यानंच सोडायला पाहिजे. तू देवाची खूण म्हणून त्याचा कान चिरून त्याला गायरानात सोड. मग त्याला कुणी हात लावणार न्हाई, आन् प्रत्येक कळपात त्याची कोकरं होतील. मटणाची वाट बघणाऱ्यांना मी बघून घेते. एवढं सांगूनही सुरा आणलास, तर तुझी अक्का त्या तापातून उठलीच न्हाई असं समज.

तुझी वाट बघणारी, तुझीच
पंचफुलाक्का