नवाबासमोरचं ताट

सिडको, औरंगाबाद
१२ एप्रिल १९८७

तीर्थरूप आईस, मंजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आई, आमच्याकडं पोपट आलाय! शेजारच्या दमयंतीकाकू लेकाकडं पुण्याला राहायला गेल्या अन् त्यांचा थोराड नवाब मला देऊन गेल्या. आल्यापासून त्यानं डाळीला, मिरचीला चोचसुद्धा लावली नव्हती. मी रडकुंडीला आले.

काल सगळ्यांचं आवरल्यावर मी पिंजऱ्याजवळच जेवायला बसले. पहिला घास घेतला, तर त्यानं लगेच मिरची उचलली की गं! काकू त्याच्यासमोर बसून जेवायच्या. समोरचं माणूस जेवल्याशिवाय तो खातच नाही.

आज सासूबाईच म्हणाल्या, "मंजू, तू आधी बस बाई, मुका जीव उपाशी आहे." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी गरम भाकरी खाल्ली. लई मजा वाटली!

पाण्याचा टँकर येतो इथं, काळजी करू नको. आपल्या विहिरीला पाणी आहे का? दादा सांगत होता, तू हल्ली रोज भूक नाही म्हणतेस.

चार दिवस इकडं ये. तुझं ताट नवाबासमोर मांडते. तू जेवल्याशिवाय तोही खायचा नाही. मग बघते, कशी नाही म्हणतेस.

तुझीच,
मंजू