हमेलियाला पाणी

प्रिय आई,

आज सकाळी आबांनी मला हाताला धरून परसात नेलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला चंदगडला कळव. झाड गेलं म्हणावं." तू माहेरी गेली आहेस असं त्यांना वाटतं. सुरुवातीला मी खरं सांगायचे, आणि दर वेळी ते नव्यानं रडायचे. मग सांगायचंच सोडलं. आजही "कळवते" म्हटलं आणि लिहायला बसले.

तर आई, तुझं हमेलिया गेलं.

किती वर्षं फुललं गं ते! आबा एसटीवर ड्रायव्हर होते तेव्हा चंदगडच्या मुक्कामाहून त्याची फांदी ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले होते. तू ती बावड्याच्या या घरामागं, धुण्याच्या दगडापलीकडं रोवलीस. दरवर्षी छाटलीस तरी पुन्हा डोक्याएवढं व्हायचं, आणि बारीक नळ्यांसारख्या केशरी फुलांचे घोस लागायचे. त्यावर शिंजीर यायचे. अंगठ्याएवढी पाखरं, उन्हात निळी-जांभळी चमकणारी, वाकडी चोच फुलात घालून मध पिणारी. तू भांडी घासायची थांबायचीस आणि आम्हाला कुणाला हलू द्यायची नाहीस!

तू गेल्यावर आबांनी ते झाड धरलं. उठले की पाणी, चहा झाला की पाणी. घातलेलं त्यांना आठवत नाही ना! आपली काळी माती, तिच्यात पाणी तसंच साचून राहायचं. पानं पिवळी पडायला लागली. ती बघून म्हणायचे, "वाळाय लागलंय बघ, पाणी न्हाय त्याला." की परत बादली.

मी काय काय केलं, सांगू? बादली माळ्यावर टाकली, तर ते तांब्यानं घालू लागले. परसातल्या नळाचा कॉक बंद केला, तर पिण्याचा हंडा उपसला. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मागच्या दाराला कुलूप लाव की." लावलं. आबा दार वाजवत राहिले, "अगं, तहानलंय ते!" हे ऐकून तू तरी कुलूप ठेवलं असतंस का?

एकदा वाटलं, तू त्यांना दटावायचीस तसं दटावून बघावं. तुझ्यासारखाच आवाज चढवून मी ओरडले, "अवो, बुडवून मारतासा काय त्याला?"

आबा जागच्या जागी थांबले. तांब्या खाली ठेवला. चेहरा असा उजळला त्यांचा! "आली व्हय?" म्हणाले आणि घरात गेले. स्वयंपाकघर बघितलं, देवघर बघितलं, न्हाणीचं दार लोटून बघितलं. मी नुसती मागं मागं. शेवटी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "परत गेली वाटतं." त्या दिवशी जेवले नाहीत. तो आवाज मी पुन्हा काढला नाही.

परवा झाड बुडाशी हललं. ओढलं तर हातातच आलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास. त्याआधी मी फांद्या लावून बघितल्या होत्या, एकही जगली नाही. तुझ्या हाताचा गुण माझ्याकडं का नाही गं आला?

भिंतीपलीकडं, शेजारच्या शबानाभाभींकडं, तू दिलेल्या फांदीचं झाड तेवढं भरात आहे. शिंजीर आता तिकडं जातात. मघाशी आबांना ते दिसले. मी हे लिहीत होते तोवर ते तांब्या घेऊन भिंतीशी पोचले आणि पलीकडं पाणी ओतायला लागले.

मी धावले. "भाभी, माफ करा हं, तुमचंबी मरंल की हो असं!"

भाभी धुणं वाळत घालत होत्या. आबांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्याच घरचं हाय की. घालू दे त्यांना."

मला रडू आवरेना.

हे झाड तरी वाचेल, असं मी तुला कसं लिहू? ते माझ्या हातात नाही. पण आई, आबांना मी एकटं पडू देणार नाही, आणि ते कुलूप पुन्हा लावणार नाही, एवढं नक्की. आत्ता ते भिंतीशी उभे राहून हाक मारताहेत, "अगं, तांब्या भरून आण की!"

जाते. अर्धाच भरून देते.

तुझी,
सुमन