चोवीस तासांचा पट्टा

प्रिय धाकट्या,

चिमीचा रक्तदाब खरोखरच जास्त आहे. ते चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र पुन्हा लावलं होतं. आज मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी अहवाल समोर ठेवून सांगितलं. झोपेतही उतरत नाही. नऊ वर्षांच्या पोरीचा! आजपासून गोळी सुरू केली.

आठवतं ना, दवाखान्यात दर वेळी आकडा जास्त यायचा. बाई म्हणाल्या होत्या, काही मुलांचा डॉक्टरांना बघूनच वाढतो, एक दिवस घरीच मोजू. माझी रात्रपाळी होती, म्हणून दंडाला पट्टा नि कमरेला यंत्र बांधलेली चिमी तुझ्याकडे सोडली. अहवाल अगदी स्वच्छ आला. सगळ्यांदेखत तू म्हणालास, "ताई, तुझा चेहरा बघूनच पोरीचं प्रेशर चढतं!" सगळे हसले, मीही हसले. आणि खरंच मानलं रे. त्यानंतर तिचं डोकं दुखलं की मी आधी चेहरा सारखा करायचे, मग बाम चोळायचे. महिनोन्‌महिने. परवा शाळेत डोकं धरून उलटी झाली, तेव्हा कुठे पुन्हा दवाखाना.

काल तुझी लेक खेळायला आली. पट्टा बघून म्हणाली, "आत्या, हा फुगला की हलायचं नसतं. मी घातला होता ना, चिमी रडत होती म्हणून. बाबांनीच बांधला." चिमीला विचारलं तर म्हणे, मामाने शपथ घातली होती.

तिचं रडणं तुला बघवलं नाही, हे समजतं. नुसता काढून ठेवला असतास तरी चाललं असतं. आपण पुन्हा लावला असता. तू दुसऱ्याच मुलीचा दाब तिच्या नावावर खपवलास, वर माझीच थट्टा केलीस. परका असतास तर भांडून मोकळी झाले असते. पाठच्या भावाशी कसं भांडायचं?

सोमवारी सकाळी तिच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी आहे. लहान मुलांत कारण बरेचदा तिथे सापडतं म्हणे. पहिला अहवाल इतका वेगळा कसा, असं बाई विचारतायत. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण पत्र त्यासाठी नाही. आत एकालाच सोबत जाता येतं, आणि चिमीला मामा हवाय. आईसमोर रडता येत नाही म्हणते, मामासमोर येतं. तेव्हा ये. आधी बाईंना खरं सांग, मग तिच्याजवळ बस. मी बाहेर बाकावर असेन. तुझ्याशी बोलेनच असं नाही.

अजून तरी तुझीच,
ताई